दुसऱ्या पिढीची रोपं

चिमट्याने कळी उकलून त्याने आतले पिवळे पुंकेसर उपटले आणि दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने अलगद टेकवले. टोमॅटोचे असे संकर करण्यात त्याची पंचवीस वर्षे गेली होती. मान वर केली तर काचगृहाच्या दारात वहिनी उभ्या होत्या. दादा गेल्यापासून त्या कुठे बाहेर पडल्या नव्हत्या.

त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली.

"भाऊजी, ह्यांच्या झाडाच्या शेवटच्या फळाचं बी आहे. मला अगदी तसंच झाड हवंय."

तो वाण त्यानेच तयार केलेला. पहिलं रोप दादाने परसात लावलं होतं आणि "माझ्या भावाचा टोमॅटो" म्हणत त्याची फळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळी उतरवली होती.

"वहिनी, हा संकर आहे. पहिल्या पिढीत सगळी झाडं एका साच्यातून काढल्यासारखी येतात. पण त्यांचं बी पेरलं, की कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर. तसंच पुन्हा येत नाही."

"पेरून तर बघाल?"

त्याला नाही म्हणवेना.

ट्रेमध्ये बी टोचताना त्याचा हात थबकला. मग त्याने शीतकपाटातून मूळ संकराचं ताजं बी काढलं आणि शेवटच्या दोन कप्प्यांत ते टोचलं. कुणाला काही बोलला नाही.

फळं पिकली तेव्हा त्याने वहिनींना बोलावलं. त्या ओळीतून सावकाश चालत गेल्या. कुठे बोराएवढी फळं, कुठे तडकलेली, कुठे पिवळटच राहिलेली. शेवटच्या दोन झाडांवर मात्र गर्द लाल, एकसारखी. त्यांनी एक तोडून खाल्लं. बराच वेळ डोळे मिटून राहिल्या.

"तीच चव," त्या म्हणाल्या.

तो पाण्याची नळी उगाच सरळ करत राहिला.

"ही दोन तुम्ही दुसऱ्या बियांची लावलीत ना?"

त्याने नळी खाली ठेवली.

"तुम्हाला लहानपणापासून खोटं पचत नाही, असं हे म्हणायचे."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, वहिनी... आणि मलाही."

वहिनी ओळीत मागे फिरल्या, एका वेड्यावाकड्या झाडाचं पिवळट फळ तोडून चावलं आणि आंबटपणाने त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ह्यांनी थुंकून टाकलं असतं."

"टाकलंच असतं. वर माझी अक्कल काढली असती."

वहिनी हसल्या, हसता हसता पदराने डोळे टिपले. उरलेलं फळ त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

"याचं बी धरा, भाऊजी."

"पुढच्या वर्षी याचं काय येईल, सांगता येत नाही."

"मग बघायला येते," त्या म्हणाल्या.