रेणुका गेली, आवाज राहिला

मित्रांनो, चिखलीतल्या एका सुपरमार्केटच्या छताला अडकवलेला मी एक जुना स्पीकर आहे. कारखान्यात माझे पोट कागदी पडद्याने मढवले, तेव्हा आपल्याला कोणाचा आवाज मिळेल हे मला ठाऊक नव्हते. मला रेणुकाचा मिळाला.

जवळच्या उंद्री गावाहून येणारी रेणुका बिलाच्या काउंटरवर बसे आणि माईकवरून बोले. साखर स्वस्त झाली, कोणाचे पोर चुकले, सारे तीच सांगे. तिचा आवाज ऐकून रडणारी पोरे गप्प होत. गिऱ्हाइके तिचे कौतुक करीत आणि मला वाटे, त्यातले थोडे माझेही.

मग कंपनीने तिच्या सूचना रेकॉर्ड करून घेतल्या. घशाला आराम मिळेल, असे मॅनेजर दीपकने तिला सांगितले. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकानेच बिल करायची यंत्रे आली आणि निम्मी माणसे कामावरून कमी झाली. त्यांत रेणुकाही गेली. तिचा आवाज मात्र माझ्यातच राहिला. रिकाम्या काउंटरच्या वर टांगलेला मी म्हणत असे, "या, मी मदत करते." तिची मैत्रीण छाया माल लावता लावता दचकून वर बघे.

एका दुपारी रेणुका सासूला घेऊन खरेदीला आली. तानाबाईंना फारसे दिसत नसे, म्हणून त्या सुनेचा हात धरून चालत होत्या. तेवढ्यात मी बोललो. तानाबाई थबकल्या. त्यांनी धरलेला हात सोडला आणि चाचपडत माझ्या दिशेने निघाल्या.

"आत्याबाई, मी तं इथंच आहो," रेणुका मागून म्हणाली.

"तू कोन वं?" तानाबाईंनी विचारले. "माही रेणुका तं तिकडून बोलून राह्यली."

रेणुका थिजली. मग तिने दीपकला आवाज बंद करायला विनवले. सगळे दूर पुण्याच्या मुख्य कचेरीतून चालते, आपल्या हाती काही नाही, असे तो मान खाली घालून म्हणाला. छायाने स्टूल ओढले, वर चढली आणि माझी वायर उपटली.

मी अर्ध्या शब्दात थांबलो. पण दुकानात माझी आणखी भावंडे होती. "या, मी मदत करते," ती चहूकडून म्हणत राहिली आणि म्हातारी दर वेळी तिकडे वळत राहिली. शेवटी रेणुकाने तिचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि हळूच हाक मारली. बोटांखाली गळा थरथरला. तेव्हा कुठे तानाबाई दाराकडे निघाल्या.

छायालाही मग घरी पाठवले. मी मुका झालो, माझ्यावर धूळ बसते. त्याचे काही नाही. पण मित्रांनो, कुठे गोड आवाज कानी पडला, तर त्यामागे माणूस आहे ना, एवढे बघा. असला, तर त्याला जपा.