वजनावर भाव

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. रग्बीत पहिल्या फळीत खेळले, नाक मोडून घेतलं, ते वाकडंच राहिलं. आता त्याच खेळाच्या संघटनेची सचिव म्हणून खुर्ची उबवते. अध्यक्ष माझा सख्खा मामा. ऑफिस म्हणजे मैदानाच्या कडेला दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीचं दार खांद्यानं रेटल्याशिवाय उघडत नाही.

एक काळ होता! आमचे सामने दाखवण्याचे हक्क मिळावेत म्हणून चॅनलवाले याच दोन खोल्यांत एकमेकांच्या पायावर पाय देत उभे असायचे. मामा मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "रांगेत या." मग लोकांचं मन दुसऱ्या खेळांकडे गेलं आणि आमच्या हक्कांचा भाव जो घसरला तो घसरतच गेला. गेल्या वर्षी हक्कांच्या बदल्यात चॅनलनं आम्हाला काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ. तेही मागे पडतं.

यंदा तर कहरच झाला. चॅनलच्या साहेबांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं, "दाखवायचं असेल तर कॅमेऱ्यांचा खर्च तुम्ही द्या." म्हणजे घर माझं आणि भाडंही मीच द्यायचं! पण टीव्ही गेला की जाहिरातदार जाणार, आणि जाहिरातदार गेले की मुलींची स्पर्धा बंद. मुलींचीच आधी बंद होते, हे काय वेगळं सांगायला हवं?

म्हणून मन घट्ट केलं आणि भंगारवाल्या काकांना बोलावलं. जुनी कपाटं, गंजलेले खांब आणि आमचा ढकलगाडा, सगळं विकायचं. ढकलगाडा म्हणजे लोखंडी सांगाडा, पुढे गाद्या लावलेला. आठ जणींनी एकमेकींत खांदे अडकवून त्याला भिडायचं आणि रेटायचं. सामन्यात दोन्हीकडच्या आठ-आठ जणी अशाच भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. सरावाच्या वेळी गाड्यावर वजन म्हणून मामा उभा राहतो. मी तो गाडा शाळेत असल्यापासून ढकलत आले होते. तो विकायचा म्हणून सकाळीच जाऊन त्याच्या गाद्या पुसून आले होते.

काका आले ते थेट सुटाबुटात. भाचीच्या लग्नाला निघाले होते, वाटेत माल बघून जाऊ म्हणाले. मैदानावर जाऊन गाड्याला जोर लावून, ठोकून बघून आले, बाहेरच्या खोलीत ऐसपैस बसले आणि भाव सुरू केला.

"सगळं एकगठ्ठा घेतो, ताई. सुटं सुटं मला परवडत नाही."

"जुनंसुद्धा?" मी विचारलं.

"जुन्यातच तर खरा माल असतो! लोकांना कळत नाही, म्हणून आमचं फावतं."

दारात खाकरल्याचा आवाज आला. कराराला येणारे चॅनलचे साहेब वेळेच्या आधीच हजर! एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि डोळे काकांच्या टायवर. त्यांनी मला खुणेनं बाजूला घेतलं.

"मॅडम, हे कोणत्या चॅनलचे?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण मला ते मागे पडणारं घड्याळ दिसलं आणि मी तोंड मिटलं.

"तुम्हीच विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

मामा आतून आला. आमच्या मामाला खोटं बोलता येत नाही आणि गप्प बसता येत नाही. "अहो साहेब, हे तर आपले—"

"मामा, चहा!"

"आत्ताच तर घेतला."

"परत घेऊ!" मी त्याला दाराबाहेर रेटलं. पहिल्या फळीतली सवय, जातेय कुठे?

साहेब काकांसमोर बसले. घसा साफ केला. "तुम्ही भाव कसा ठरवता?"

"वजनावर," काका म्हणाले. "दुसरं काय बघायचं? वजन असेल तर भाव आहे."

"आणि यांचं वजन आहे असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं काय! मघाशी जोर लावून बघितला. जागचं हललं नाही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पण बाजार तर पडलाय."

"पडलाय म्हणूनच आत्ता उचलायचं. चढल्यावर काय, कुणीही येईल. मी तर गाडीच घेऊन आलोय."

माझ्या पोटात हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. ओठ दाबून मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. साहेब फोन घेऊन व्हरांड्यात पळाले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सर, कुणीतरी बडी असामी आहे. सगळं एकगठ्ठा घेतोय, जुन्या चित्रणासकट! वजनबिजन ओळखून आहे. हो सर, आजच नेणार, गाडी उभी आहे!"

आत येऊन त्यांनी एका कागदावर आकडा लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. नेमकं त्याच वेळी काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. लग्नाला उशीर होत होता. त्यांनी मान हलवली, "च्च, च्च," केलं. साहेबांनी कागद झटकन परत ओढला, आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. तो बघून मी मटकन खाली बसले. खाली खुर्ची होती हे नशीब.

"मुलींचे सामनेही दाखवायचे," माझ्या तोंडून कसंबसं निघालं. "संध्याकाळी. लोक जागे असताना."

"मान्य!"

सह्या झाल्या. मामा चहा घेऊन आला, आकडा बघितला, आणि माझा चहा स्वतःच पिऊन टाकला.

आता इथे साहेबांनी उठून जावं की नाही? पण जिंकलेल्या माणसाला राहवत नाही. ते काकांना म्हणाले, "राग नसावा, आम्ही घेतलं. पण एक सांगा, शेवटी तुम्ही मागे का हटलात?"

"तुम्ही घेतलं? घ्या की, सुखानं घ्या," काका टाय सैल करत म्हणाले. "मला जरा शंकाच आली होती. ठोकून बघितलं तर आतून पोकळ वाजलं."

साहेबांचा चेहरा पडला. "पोकळ?"

आणि मामा फुटला. "अहो, ते भंगार घेतात हो! गाडा न्यायला आलेत!"

 साहेब काकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे मी भंगारवाल्याशी चढाओढ केली?" त्यांचा हात कागदाकडे गेला. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. पण खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी राग आला. पोकळ? आमचा खेळ पोकळ?

"फाडा!" मी म्हटलं. "खुशाल फाडा. पण आधी बाहेर या."

कागद हातात धरलेल्या साहेबांना मी दंडाला धरून मैदानावर नेलं. पोरी सरावाला जमल्या होत्या. साहेबांना गाड्यावर चढवलं, शेजारी मामाला, आणि पोकळ म्हणणाऱ्या काकांनाही.

"घट्ट धरा," मी म्हटलं.

सात जणी होत्या, आठवी यायची होती. मी चपला काढल्या.

खांद्याला खांदा अडकला, डोकी खाली गेली, श्वास एक झाला आणि आम्ही भिडलो. आधी गाडा नुसताच कण्हला. मग हलला, आणि असा सुटला की वरून तीन बाप्ये कोंबड्यांसारखे ओरडायला लागले! "अगं थांबा!" मामा. "माझं लग्न!" काका, भाचीचं लग्न विसरून. आणि साहेब? साहेब आधी किंचाळले, मग हसायला लागले, मग त्यांना हसू आवरेना. मैदानाची रेघ ओलांडून गाडा कुंपणाला टेकला तेव्हा आम्ही आठही जणी गवतात लोळून हसत होतो, आणि मला वाटतं मी जरा रडतही होते.

साहेबांनी धापा टाकत काकांकडे बघितलं. "काय काका, पोकळ?"

"छे हो," काका म्हणाले. "चुकलंच माझं. माणसं धरून वजन करायला हवं होतं."

साहेबांनी कागदाची नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली. टाय खांद्यावरून मागे टाकला. "परत एकदा," ते म्हणाले. "आणि कॅमेरा इथे लावायचा, माझ्या पायाशी."

"मग मी पुढे उभा राहणार!" काका लगबगीनं पुढे सरकत म्हणाले. "मघाशी मला काही दिसलं नाही."

मामानं दोघांकडे बघितलं आणि कितीतरी वर्षांनी मिशीला पीळ दिला.

"रांगेत या," तो म्हणाला.