तांबड्या रेघेपर्यंत

मोरेश्वरची बोट एडनच्या वाटेवर बुडाली, त्याला चैत्रात वर्ष झालं. देह मिळाला नाही. "ज्याला मेलेलं कुणी पाहिलं नाही, त्याच्या नावानं मी पाणी सोडू देणार नाही," असं म्हणून त्याची आई लीलाबाई मुंबईचं घर बंद करून लोणावळ्याच्या बंगलीत येऊन राहिल्या. येताना त्याची काचेची पेटी तेवढी जपून आणली.

पेटीत समुद्राचं पाणी होतं, आणि मोरूनं ओहोटीच्या वेळी खडकांतून धरून आणलेले पिवळ्या पट्ट्यांचे मासे. एक काचेची नळी त्या पाण्यात उभी तरंगायची. तिच्या तळाशी शिसं, मानेवर तांबडी रेघ. "आई, पाणी या रेघेला लागलेलं असलं, की मासे सुखात," एवढंच तो सांगून गेला होता.

उन्हाळा लागला तसं पेटीतलं पाणी रोज सकाळी खाली गेलेलं दिसू लागलं. काचेच्या काठावर पांढरे ठसे उमटत. ओल्या बोटांनी कुणी काठ धरून वाकावं, तसे. परंदवडीची मुक्ताबाई स्वयंपाकाला होती. ती ते पुसायला धजत नसे.

"बाई, कुनीतरी पानी पितंय हितलं."

"पिऊ दे. त्याचंच आहे."

कमी झालेलं पाणी लीलाबाई समुद्राच्याच पाण्यानं भरून काढीत. त्याच्या पेटीत दुसरं पाणी घालायचं त्यांच्या मनातही येत नसे. सुक्या मासळीचे व्यापारी कादरभाई मुंबईहून लाकडी पिंपं भरून आणीत. "लोक दर्याची मासळी मागवतात, बाईसाहेब. तुम्ही अख्खा दर्याच मागवता!" असं म्हणून हसत, आणि पेटीकडे नजर गेली की हसू आवरत.

मग नळी वर येऊ लागली. आधी रेघ पाण्याबाहेर जेमतेम दिसली. मग बोटभर वर. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. लीलाबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"खालून कुणी उचलतंय तिला. वर येतोय तो, मुक्ता."

नळी वर येत गेली आणि मासे एकेक करून मरत गेले. शेवटी एकच उरला. तो तळाशी कलून पडे, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत. तो गेला, की मोरूच्या हातचं जिवंत असं घरात काही उरणार नव्हतं.

"ल्हान तोंडी मोटा घास घेते," मुक्ताबाई म्हणाली. "पर दादा वर येन्यापायी ह्या मुक्या जिवाला मारतील व्हय? त्यास्नी चारल्याबिगर च्या पीत नव्हते, तुमीच सांगितलंत."



अक्षयतृतीयेला विठोबाच्या देवळात कीर्तन होतं. मुक्ताबाईनं लीलाबाईंना जवळजवळ ओढूनच नेलं. बुवांचा आवाज असा, की समईची ज्योतसुद्धा ऐकायला थांबावी. अभंग रंगात आला, मृदंग थांबला, आणि बुवांनी उपरणं सावरलं.

"मंडळी, सूर्यनारायण रोज समुद्र पितो. पण मीठ पितो का? छे! लबाड! मीठ खालीच ठेवतो. मग समुद्र नुसतं मीठच का होत नाही? देव वरून पाऊस धाडतो. आणि दर्यावरचा पाऊस खारट लागला, असं कुठल्या कोळ्यानं सांगितलंय? तहानलेल्याला गोडच द्यायचं असतं, बाबांनो. म्हणून तर आज गेलेल्यांच्या नावानं उदककुंभ!"

लोक हसले, टाळ पुन्हा वाजू लागले. लीलाबाईंचे टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

सकाळी त्यांनी देवघरातली अभिषेकाची गळती उतरवली.

"बाई, ती म्हादेवाची!"

"ठाऊक आहे. पेटीतलं हंडाभर पाणी बाहेर काढ आधी. मग विहिरीचं आण."

तांब्याची गळती पेटीवर टांगली. लीलाबाईंनी विहिरीचं पाणी ओतलं आणि भोकावर बोट धरून उभ्या राहिल्या. बोट काढलं, की पाण्याचा खारेपणा उतरणार आणि त्यानं उचलून धरलेली नळी खाली जायला लागणार. "माझ्या हातानं त्याला बुडवू का गं?"

"बुडवताय कशापायी? तान भागवा त्याची."

लीलाबाईंनी डोळे मिटले. त्याचं गोत्र उच्चारलं, मग नाव. हे दोन शब्द वर्षभर त्यांनी कुणाला उच्चारू दिले नव्हते. बोट निघालं. टप्. टप्.

नळी हळूहळू उतरत गेली. लीलाबाईंनी पाण्यात तिच्याखाली तळहात धरला, पडत्या मुलाला धरावं तसा. थोड्या वेळानं तो आपणच काढून घेतला. पुढचे काही दिवस गळती थेंबथेंब चालू होती. रेघ पाण्याला लागली, आणि नळी तिथंच थांबली. मासा तळातून उठला, भाताचं एक शीत हुंगून गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खाली गेलेलं. काठावर ताजे पांढरे ठसे. मुक्ताबाई मन घट्ट करून फडकं घेऊन आली.

"राहू दे ते," लीलाबाई म्हणाल्या. मग पेटीवर वाकल्या. "तहानेला आलास रे रोज. आणि मी तुला खारंच पाजत राहिले."

त्यांनी गळती काठोकाठ भरली.