चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

तोमिए हिरोसेच्या स्तनातली गाठ पडद्यावर जवळजवळ विझली होती. जपानमधल्या कानाझावाच्या त्या रुग्णालयात सगळे खूश होते. एकट्या डॉक्टर कानाए मोरिवाकीच्या कपाळावर तेवढी आठी होती.

महिन्यापूर्वी हीच गाठ निखाऱ्यासारखी पेटलेली दिसली होती. तपासणीची रीत तशी साधी. मेथिओनीन नावाच्या अमिनो आम्लाला किरणोत्सारी कार्बन जोडायचा, ते शिरेतून सोडायचं आणि शरीरात कोण किती गट्ट करतंय ते बघायचं. वाढती गाठ भलती हावरट. गाठीवर दिलेल्या गोळ्या लागू पडल्या की तिची भूक मरते.

"मेली की नाही भूक!" प्रोफेसर ओगाता हात चोळत म्हणाले. "शस्त्रक्रिया लांबवू. सहा महिने ह्याच गोळ्या."

"सर, मेंदू बघा."

"गाठ छातीत आहे, मोरिवाकी."

"मेंदूही फिका पडलाय, स्नायूही. ह्या गोळ्यांनी मेंदू कसा विझेल? बाई खाऊन आल्यात. अन्नातली अमिनो आम्लं आधीच पेशींच्या दारात गर्दी करून उभी, मग आपलं मेथिओनीन आत शिरणार कुठून?"

"उपाशी होते म्हणून सही केलीय त्यांनी."

"असू दे सही. मी विचारून येते."

कानाएला स्वतःच्या डोळ्यांवर पक्का भरवसा होता. ती गप्प बसली असती, तर गाठ सहा महिने मजेत पोसली गेली असती.

तोमिए बाहेर बाकावर बसली होती. बाजारातल्या गल्लीत तिची एकतीस वर्षांची खाणावळ. "नर्स म्हणाली, गाठ विझली. मुलाला फोनसुद्धा केला मी!"

कानाए तिच्या शेजारी बसली. "सकाळी काही खाल्लंत का?"

"रात्रीपासून नुसतं पाणी! खोटं बोलायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग सकाळी केलंत काय?"

"काय करणार? पाचला दुकान उघडलं. वाळल्या माशाचं सार चढवलं, अंडी केली, मासा मुरवला."

"आणि चव?"

"बघणारच ना! न चाखता गिऱ्हाइकाला वाढू?"

"किती वेळा?"

तोमिए बोटांवर मोजू लागली. दोन्ही हातांची बोटं संपली. "पण चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, डॉक्टरीणबाई. एक घास बसून खाल्ला असेल तर शपथ!"

कानाएला हसू फुटलं. "अहो, बसून खाल्लं की उभ्यानं, रक्ताला काय कळतंय? ती बातमी अजून खरी धरू नका. शुक्रवारी परत या. सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"आणि सार?"

"सून आहे ना घरात? ती चाखेल."

"तिची जीभ म्हणजे लाकडाची फळी!"

"मग दुकान बंद ठेवा."

तोमिएनं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "चाखू दे मेलीला," ती म्हणाली.

शुक्रवारी तळघरातून ते किरणोत्सारी औषध आलं. दर वीस मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून सगळ्यांची पळापळ. पडद्यावर आधी मेंदू उजळला. मग छातीतली गाठ लख्ख पेटली, पूर्वीपेक्षा नखभर मोठी. ओगातांनी चष्मा काढला. "चुकलो, मोरिवाकी," ते म्हणाले. आपलं खरं ठरलं म्हणून कानाएला क्षणभर आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

तिनं तोमिएला आडपडदा न ठेवता सांगितलं. "गोळ्या लागू पडलेल्या नाहीत. मंगळवारी गाठ काढायची. बगलेत अजून पसरलेली दिसत नाही. वेळेत आहोत आपण."

तोमिएचे डोळे भरून आले. "तुम्ही विचारलं नसतंत तर?"

"सहा महिन्यांनी कळलं असतं. तोवर उशीर झाला असता."

तोमिएनं तिचं मनगट घट्ट धरलं. "मंगळवारी तुम्ही असाल ना तिथे?"

"शस्त्रक्रिया मी करत नाही, हिरोसे-सान."

"ते माहितीय मला. तरी असा."

"असेन," कानाए म्हणाली.