पासोनेला कोण सांगणार

"हे बाईमाणसाचं काम आहे, हेडी. तू बोललीस तर तिला समजेल," राइनहोल्ड म्हणाला आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकला. नाड्या तो रोजच बांधायचा, पण त्या सकाळी जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

हेडविगने ओळखलं, की ओझं आपल्या गळ्यात पडलं.

ऑस्ट्रेलियातलं द्राक्षमळ्यांचं गाव सोडून दोघं नवराबायको न्यू गिनीच्या डोंगरात आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. राइनहोल्ड याकाली खोऱ्यातल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. हेडविग शिकलेली नर्स, त्यामुळे जखमा, ताप, बाळंतपणं सगळं तिच्याकडे. चर्च उभं राहिलं ते लाकाईमुळे. त्याने आपल्या कुळातली माणसं गोळा करून सुरूचे खांब डोंगरावरून ओढत आणले, छप्पर गवताने शाकारलं, आणि प्रार्थनेला येऊन सगळ्यांत पुढे बसू लागला. पण बाप्तिस्मा काही त्याला मिळत नव्हता. लाकाईला दोन बायका होत्या. मिशनच्या सभेचा नियम स्पष्ट होता: पहिलीला ठेवायचं, दुसरीला माहेरी पाठवायचं, मग पाण्यात उतरायचं.

लाकाईने वर्षभर तोंड उघडलं नाही. मग एक दिवस येऊन "बरं" एवढंच म्हणाला. बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तो बायकांना मज्जाव असलेल्या पुरुषांच्या घरात जाऊन बसला. राइनहोल्ड बुटांवर वाकला. उरली हेडविग.

लाकाईची धाकटी बायको पासोने रताळ्याच्या वाफ्यात वेल लावत होती. तिची तीन वर्षांची यांदा बांधावर माती खेळत होती. ही पोर जन्माला येताना पासोने दीड दिवस अडली होती, आणि हेडविगनेच तिला सोडवलं होतं.

"मला ताप नाही हो, मडमबाई," पासोने हसून म्हणाली. "आज कडू गोळ्या नकोत."

हेडविग खाली बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. घरून जुळवून आणलेली वाक्यं होती ती. पासोनेचा हात मातीतच राहिला.

"माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही."

"मग?"

"देवाचा नियम आहे. पुरुषाला एकच बायको."

"आणि बाईला?"

"बाईलाही एकच नवरा."

"मला एकच आहे की," पासोने म्हणाली.

देव तुझी काळजी घेईल, तुझे भाऊ आहेत, असं काहीतरी हेडविग पुटपुटली. पासोनेने बांधावरच्या पोरीकडे पाहिलं.

"आणि ही?"

"हिला घेऊन जा ना."

"कशी नेऊ? पोर बापाच्या कुळाची. एवढी वर्षं इथे राहून तुम्हाला हेही ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. पण सभेतल्या एकालाही ते आठवलं नव्हतं, आणि घरातून निघताना हेडविगलाही नाही. पासोनेने उरलेले वेल लावून वाफा पुरा केला. मग उठून मांडीला हात पुसले. दोन दिवसांनी जाळीची झोळी कपाळाला अडकवून ती खिंडीच्या वाटेने निघून गेली. यांदाला थोरलीने, ताकामेने, कडेवर घट्ट धरलं होतं. पोरगी इतकी रडली की तिला नंतर उलटी झाली.

बाप्तिस्म्याचा दिवस पावसाळा सरल्यावरचा ठरला. लाकाईबरोबर ताकामेही पाण्यात उतरणार होती. ती शिकवणीला यायची, प्रश्नांची उत्तरं चोख द्यायची. पण आता मडमबाईशी स्वतःहून एक शब्द बोलत नव्हती.

ती बोलली ती थेट मिशनच्या ओट्यावर येऊन. बाप्तिस्म्याला चार-पाच दिवस उरले होते. यांदा तिच्या पाठीशी बांधलेली. हेडविगने बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"धाकटीच्या भावांनी तिला दुसऱ्या नवऱ्याला दिलं," ताकामे म्हणाली. "तिच्या लग्नात आमच्याकडून गेलेली डुकरं त्यांनी कधीच खाऊन टाकली होती. बाई माघारी आली, आता ती परत कुठून देणार? मग खिंडीपलीकडच्या एका म्हाताऱ्याने द्यायचं कबूल केलं. त्याच्या दोन बायका आहेत. ही तिसरी."

हेडविगने तिच्या पाठीवरच्या यांदाकडे पाहिलं.

"इथे दुसरी होती ते तुमच्या देवाला चाललं नाही. तिकडे तिसरी झाली. ते चालतं?"

"ताकामे, आम्हाला हे माहीत—"

"ऐक. लाकाईने दुसरी केली ती माझ्यामुळे. मला मूल होईना. पाठ दुखायची, वाफे खणवत नव्हते. मीच त्याला म्हटलं, एखादी आण. तो आळशी, त्याने कुठली शोधली असती! मीच जाऊन बघून आणली. आम्ही दोघी एका चुलीशी निजायचो. हिच्या जन्माच्या वेळी तू खालून ओढत होतीस तेव्हा पाठीमागून तिला मी धरलं होतं, आठवतं? मग तिला घालवताना मला का नाही विचारलंस?"

एरवी ती "तुम्ही" म्हणायची. आज "तू" म्हणत होती, आणि हेडविगला ते योग्यच वाटलं.

"आता काय करायचं म्हणतेस?"

"मी चालले तिकडे. तूही चल. तूच घालवलंस ना तिला? मग तूच आणायला ये."

राइनहोल्ड खालच्या वस्तीत प्रार्थनेला गेला होता. त्याची वाट बघत बसलं तर तो काय म्हणेल, हे हेडविगला पाठ होतं. तिने औषधांची पिशवी घेतली, पावसाचा कोट घेतला आणि स्वयंपाकाच्या मुलीला निरोप सांगितला. मग ती ताकामेच्या मागे चालू लागली.

खिंडीत धुकं होतं. चिखलात बूट रुतायचे. ताकामे अनवाणी, पाठीवर पोर घेऊन झपाझप चढत होती. ती मध्येच थांबायची, वळून बघायची आणि पुन्हा चालू लागायची. वाटेत ती एकदाच बोलली. "दम लागला का?" हेडविग "नाही" म्हणाली. ते खोटं होतं.

म्हाताऱ्याची वस्ती पलीकडच्या उतारावर होती. म्हातारा वाईट माणूस नव्हता. पाहुण्यांना बघून त्याने ऊस तोडून दिला आणि मडमबाईच्या हाताला हात लावून बघितला. पासोने वाफ्यातून आली. ती वाळली होती. पायावर एक चिघळलेली जखम होती, तिला पानं बांधली होती. यांदाने आईला पाहिलं आणि ताकामेच्या मानेत तोंड खुपसलं.

पासोनेने पोरीला हात लावला नाही. ती नुसती उभी राहिली.

"मी तुला न्यायला आले आहे," हेडविग म्हणाली.

"कुठे?"

"परत. याकालीला."

"कुणाच्या घरी?"

अख्खी खिंड चढून येताना हेडविगने हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. लाकाईच्या घरी म्हणावं तर तो पाण्यात उतरू शकणार नाही. मिशनच्या आवारात म्हणावं तर ही तिथे काय म्हणून राहणार, मोलकरीण म्हणून? आणि या म्हाताऱ्याने डुकरं दिली होती, त्याला काय सांगायचं?

"मला इकडून तिकडे हाकायचं, मग तिकडून इकडे," पासोने शांतपणे म्हणाली. "मी पण डुक्करच का, मडमबाई?"

हेडविगने जखम धुवायला पाणी मागितलं. पासोनेने पाय पुढे केला, पण मलम लावून होईपर्यंत ती दुसरीकडेच बघत होती.

ताकामेने मात्र पाठीवरची गाठ सोडली आणि म्हाताऱ्याच्या थोरल्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली. "मी इथे राहणार," ती म्हणाली. ती बाई तोंड वेंगाडून म्हणाली, "अजून एक? या म्हाताऱ्याला उठून उभं राहवत नाही, आणि बायका काय रांग लावून येतात!"

"तुझा नवरा तुलाच लखलाभ," ताकामे म्हणाली. "मला रताळी लावायला एक तुकडा दे आणि निजायला कोपरा. पोर आईजवळ राहील, आणि मी पोरीजवळ."

त्यावर सगळ्या हसल्या, पासोनेसुद्धा. हेडविगला त्या हसण्यात जागा नव्हती. ती दुसऱ्या दिवशी एकटीच खिंड उतरली.

"मंडळीला न विचारता गेलीस," राइनहोल्ड म्हणाला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "बाप्तिस्मा तोंडावर आला आहे. लोक काय समजतील?"

"लोकांना आपल्याआधीच समजलं आहे."

"नियम मी केला नाही, हेडी."

"नाही. पण सांगायला मी गेले. तू आणि लाकाई, दोघांनी मिळून मला पाठवलं, आणि मी गेले."

त्यानंतर बाप्तिस्म्यापर्यंत दोघं कामापुरतंच बोलली.

नदीवर सगळं खोरं लोटलं होतं. लाकाई एकटाच पुढे आला. त्याने नवं कापड नेसलं होतं, डोक्यावरची पिसं काढून ठेवली होती. राइनहोल्डने पुस्तक उघडलं, पण पहिला प्रश्न लाकाईनेच विचारला.

"पाळकसाहेब, एकीला मी पाठवलं. दुसरी तिच्यामागे गेली, पोरही गेलं, मी अडवलं नाही. आता मला एकही बायको नाही. हे नियमात बसतं का?"

काठावर कुणीतरी हसलं. लाकाई हसत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. राइनहोल्डचा चेहरा पांढरा पडला.

"बसतं," तो शेवटी म्हणाला, आणि त्याला पाण्यात बुडवून वर काढलं. लाकाई कुडकुडत बाहेर आला. टॉवेल घेऊन हेडविग उभी होती. ती त्याच्याकडे बघू शकली नाही.

आता लाकाईचे वाफे खणायला कुणी नव्हतं. खोऱ्यात पुरुष कुंपण घालतात, झाडं तोडतात. रताळ्याच्या वाफ्यात काठी घेऊन वाकलेला पुरुष आजवर कुणी पाहिला नव्हता. लाकाई वाकला. पोरंटोरं वाटेवरून ओरडायची, "अगं लाकाई, झोळी विसरलीस की!" रविवारी तो चर्चमध्ये पुढेच बसायचा, पण आता त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

एक दिवस राइनहोल्ड काठी घेऊन त्याच्या वाफ्यात गेला. न बोलता त्याच्या शेजारी खणू लागला. थोड्या वेळाने लाकाई ताठ झाला.

"पाळकसाहेब, तुम्ही नका खणू. तुमची बायको घरी आहे."

टोमणा नव्हता त्यात. तो अगदी मायेने म्हणाला होता. राइनहोल्ड चिखलाच्या हातांनी तसाच घरी आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. हेडविग बाहेर आली तेव्हा तो रडत होता. इतक्या वर्षांत त्याला रडताना तिने पाहिलं नव्हतं.

"सभेत मी हात वर केला होता," तो म्हणाला. "नियमाच्या बाजूने. तुला सांगितलं नव्हतं."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात हातात घ्यावा असं तिला वाटलं, पण घेववला नाही.

पुढच्या सभेत राइनहोल्ड नियमाच्या विरुद्ध बोलला. ऐकून घेतलं गेलं, पण नियम बदलला नाही. त्यानंतर त्याने कुणाही बाईला घर सोडायला लावलं नाही. ज्यांना एकाहून जास्त बायका होत्या ते बाप्तिस्म्याविना राहिले, तरी प्रार्थनेला येत राहिले. लाकाईने लवकरच, परत यायचं नाही म्हणून, आपल्या वाफ्यांना आग लावली आणि खिंडीकडे चालू लागला. पलीकडच्या लोकांनी त्याला वस्तीबाहेर, ओढ्याकाठी राहू दिलं. दोघींपैकी एकही बायको त्याला परत मिळाली नाही. पोरगी मात्र रोज दिसायची.

औषधांची पिशवी घेऊन हेडविग खिंड ओलांडत राहिली. एकदा राइनहोल्डही तिच्याबरोबर गेला. पासोने दारात बसून झोळी विणत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या भाषेत म्हणाला, की चूक त्याची होती. तो अडखळला, एक शब्द चुकला, तो त्याने पुन्हा म्हटला.

पासोनेने दोरा ओढून गाठ मारली.

"ऐकलं," ती म्हणाली. आणि मग, आभाळाकडे बघत, "आता निघा. वर खिंडीत पाऊस सुरू झाला आहे. वाट निसरडी होईल."