पोरीच्या वाट्याचं दूध

त्या सकाळी सगुणाबाईंनी नातीला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं, तेव्हाच शीतलने ओळखलं की आज घरी कोणीतरी सरकारी माणूस येणार. एरवी सात वर्षांची अर्पिता आपली आपण दोन तांबे अंगावर ओतून घ्यायची. आज तिच्या डोक्याला तेल लागलं, नवी रिबीन बांधली गेली, आणि आजीबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बाप न्हाई म्हणून काय झालं? आम्ही मेलो न्हाई अजून!"

शीतलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भाकरी थापत राहिली.

याच सगुणाबाईंनी तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं? विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून शीतलचा नवरा सोमेश्वर गेला, आणि तेरावं उरकताच त्यांनी सुनेला लेकीसकट माहेरी धाडलं. म्हणे, पांढऱ्या पायाची! पुढे बापाविना लेकरांना सरकार दरमहा पैसे देतं असं कळलं, आणि सासरे बद्रीनाथराव यांना नातीचा एकाएकी उमाळा आला. पैसे आईच्या खात्यात यायचे, आईचा अंगठा मशीनवर टेकल्याशिवाय निघायचे नाहीत, म्हणून आईलाही आणावं लागलं. अडला हरी, दुसरं काय! दर महिन्याला ते तिला मोटरसायकलवर बसवून धावड्याच्या बँकेत नेत. अंगठा तिने टेकवायचा, नोटा त्यांनी खिशात घालायच्या.

त्या पैशातून घरात रोज दूध येऊ लागलं, हे मात्र खरं. ते प्यायचा पप्पू, थोरल्या दिराचा मुलगा. पोरीला दूध पाजलं की ती लवकर वाढते, आणि वाढली की लवकर उजवावी लागते, असं सगुणाबाईंचं शास्त्र. हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे देव जाणे, पण आपल्याकडे ते घरोघरी तोंडपाठ आहे.

शीतलने एकदाच तोंड उघडलं होतं. तेव्हा बद्रीनाथराव आवाजही न चढवता म्हणाले होते, "तुला जायचं तं जाय. पोरगी आमच्या घराण्याची हाय. ती इथंच राहील." तेव्हापासून ती मुकी झाली. लेक हातची जाईल, या एका भीतीने तिची जीभ टाळूला चिकटून बसली होती.

उन्हं वर आली तेव्हा ज्योत्स्ना नावाची एक तरुण बाई दारात उभी राहिली. योजनेच्या पैशाने लेकरांचं किती भलं झालं ते तपासायला ती घरोघर हिंडत होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र.

"मला मुलीच्या आईशी एकटीशी बोलायचंय," ती म्हणाली.

"एकटीशी कशाला?" बद्रीनाथराव बाजेवर ऐसपैस बसले. "आमच्या घरात लपवाछपवी न्हाई. इचारा जल्दी."

ज्योत्स्नाने घड्याळ पाहिलं आणि खुर्चीवर बसली. बाई वाईट नव्हती, घाईत होती. पण घाईतल्या चांगल्या माणसाचा गरिबाला काय उपयोग?

"मुलीसाठी दूध घेता का?"

"रोज! बराबर!"

"पैसा कशावर खर्च करायचा, हे कोण ठरवतं?"

"तिची आईच की. आम्ही ध्यान बी देत न्हाई."

ज्योत्स्नाने शीतलकडे पाहिलं. शीतलने मान खाली घातली. टॅबवर बोट टेकलं, आणि तो खोटेपणा खरा होऊन बसला.

"दाखवतेच तुम्हाला," म्हणत सगुणाबाई आत गेल्या. साखर घातलेल्या दुधाचा भरलेला पेला आणून त्यांनी अर्पितापुढे ठेवला. "घे माय. पी."

अर्पिताने पेला दोन्ही हातांनी उचलला. सांडू नये म्हणून हळूहळू चालत ती भिंतीशी मोबाइल घेऊन लोळणाऱ्या पप्पूकडे गेली. "दादा, घे."

पप्पूने वर न बघता दूध घटाघटा पिऊन टाकलं. ती रिकाम्या पेल्यासाठी हात पुढे करून उभी होती. मिळाला तसा तिने त्यात माठातलं पाणी घातलं, बोटाने खळबळलं आणि ते पांढुरकं पाणी मन लावून पिऊन घेतलं. तळाची साखर जिभेने चाटली.

सगुणाबाई हसल्या. "लय जीव हाय तिचा भावावर!"

"हो ना, छान," ज्योत्स्ना अडखळत म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"म्याडम, ते पुसा." शीतलचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पोरगी दूध पिती म्हणून लिवलं न, ते पुसा. पोरगी उष्टा पेला इसळून पिती. तसं लिवा. अन् पैसा मी ठरवत न्हाई. मी फकस्त अंगठा देते."

बद्रीनाथराव उठले. "लय बोलायली! उचल गाठोडं अन् निघ. पोरगी इथंच राहील!"

हेच ते वाक्य. पण नेमकं काय ठेवून घेणार होता हा म्हातारा? हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

"ठेवा," ती म्हणाली. "ठेवा पोरगी. माझा अंगठा माझ्यासंगं चाल्ला. पुढच्या महिन्यात मशीनवर तुमचा टेकवून पाहा."

"अन् मंग हिला फुकट कोण पोसणार?" सगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

बोलल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पण ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं. अर्पितानेही ऐकलं. ती पेला हातात धरून आजीकडे बघत राहिली. शीतलने तिच्या हातातून पेला काढून ओट्यावर ठेवला, तिचं मनगट धरलं आणि उंबरा ओलांडला. मागून बद्रीनाथरावांच्या शिव्या येत होत्या. अडवायला मात्र कोणी आलं नाही.

ज्योत्स्नाने तिला रस्त्यावर गाठलं. "ताई, थांबा! कुठं जाणार तुम्ही?"

"हे तुमच्या प्रश्नात हाय का?"

"नाही."

"मंग काऊन इचारता? सासऱ्याच्या तोंडासमोर मला इचारलं तुम्ही. मी काय बोलणार होते?"

"आईशी एकटीशीच बोलायचं, असा नियम आहे आमचा." ज्योत्स्नाची नजर खाली गेली. "पण घरं खूप करायची असतात, आणि लोक उठत नाहीत."

"लोक उठत न्हाईत म्हणून तुम्ही बसता. माझी पोरगी उपाशी राहिली तिथं, अन् तुम्ही 'छान' म्हणला." शीतलने तिच्याकडे पाठ फिरवली.

भोकरदनला द्वारकाबाईंच्या खानावळीत पोळ्या लाटायला बाई हवी होती, एवढं तिला ठाऊक होतं. लेकीला घेऊन ती झाडाखाली गाडीची वाट बघत उभी राहिली.

तिथून रामकिसनचं घर समोर दिसायचं. त्याचाही मुलगा गेलेला, सून विशीतली, दोन नातवंडं. ज्योत्स्ना तिथे पोचली तर रामकिसन दारातच खुर्ची टाकून बसला होता. "इचारा म्याडम. सून लाजती, मी सांगतो सगळं."

ज्योत्स्ना बसली नाही. "बाबा, तुम्ही तिकडे गोठ्यापाशी जा. मी त्यांच्याशी एकटीशी बोलणार."

"आमच्यात तसं नसतं."

"मग मी इथेच उभी राहते."

आणि ती उभी राहिली, भर उन्हात, टॅब मिटून. रामकिसन खोकला, पुटपुटला, सरकारला शिव्या घातल्या. ती हलली नाही. गाडी आली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "जरा दम धरा," शीतल त्याला म्हणाली. तिची नजर समोरच्या दारावर खिळली होती.

शेवटी म्हातारा उठला, चडफडत गोठ्याकडे गेला. आतून पदर कपाळापर्यंत ओढलेली पोर उंबऱ्याशी आली. सासरा किती लांब गेला ते तिने आधी नीट पाहिलं, आणि मग बोलायला तोंड उघडलं.