फळीवरचा हात

नवीन पनवेलमधल्या त्या सात मजली इमारतीची लिफ्ट खाली येता येता चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली, तेव्हा कुमुदताईंनी सर्वप्रथम डोळे मिटून घेतले. दिवा विझलाच होता; पण आलेला अंधार सोसण्यापेक्षा आपण केलेला अंधार बरा, असे त्यांना वाटले. रक्ततपासणीसाठी त्या सकाळी उपाशीपोटी निघाल्या होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून जिना वर्ज्य झाला होता, आणि लिफ्टची धास्ती तर जन्माची होती. माणसाने स्वतःहून पेटीत शिरून वर दार लावून घ्यावे, हे त्यांना कधीच पटले नव्हते.

पंखा फिरायचा थांबला आणि श्वास ऐकू येऊ लागले. एक त्यांचा. दुसरा सातव्या मजल्यावरच्या बुधाजींचा. उरणकडच्या मिठागरांत आयुष्य घालवून हे म्हातारे आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. आणि तिसरा, सर्वांत जलद, सहाव्या मजल्यावरच्या रियाचा.

"मावशी, माझी बस जाईल," रिया म्हणाली. "जासईच्या कंटेनर यार्डात लागलेय मी. आज पहिला दिवस आहे."

तिने जाळीचे दार खडखडवले. आतले दार सरकलेसुद्धा. समोर छातीपर्यंत नुसती भिंत होती. तिच्यावर चौथ्या मजल्याची फरशी, आणि त्या मजल्याच्या दाराच्या जाळीतून येणारा उजेडाचा पट्टा. महिन्यापूर्वीपर्यंत दार जरा हलले तरी ही लिफ्ट रुसून उभी राहत असे. मग कोणा मेकॅनिकने वर एक तार जोडून दिली आणि ती निमूटपणे चालू लागली. सोसायटीने त्याचे कौतुकच केले होते.

रियाने दोनतीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला. तो ऐकताच कुमुदताईंची जुनी सवय जागी झाली. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर म्हणून लागल्या, तेव्हा मुख्य ऑपरेटर शशिकलाबाईंनी त्यांना पहिला धडा दिला होता: पलीकडचा माणूस घाबरलेला असला, तर त्याला धीर देत बसू नकोस, प्रश्न विचार. उत्तर देता देता त्याचा श्वास जागेवर येतो.

"यार्डात काय काम आहे तुझं?" कुमुदताईंनी विचारले. स्वतःचा आवाज इतका स्थिर कसा निघाला, याचे त्यांनाच नवल वाटले.

"गेटवर. आत येणाऱ्या गाड्यांची नोंद."

"डबा कोणी दिला?"

"आईने. वालाचं बिरडं."

"अरे वा, म्हणजे वास आला तो खराच! आणि बुधाजीदादा, तुमची पहिली नोकरी कुठली हो?"

म्हातारे काठी आडवी ठेवून खाली बसले होते. "नोकरी कसली, बाय? मिठागरान फावडा मारायचा. मिसरूड फुटला नव्हता तवा."

"भीती नाही वाटली?"

"मिठाची कोनाला भीती वाटते? भीती उघाडीची." रियाला हा शब्द ठाऊक नसावा, हे ओळखून त्यांनी हातानेच दाखवले. "खाडीचा पानी आत घ्यायला बांधान दार असते, त्याला लाकडाची फळी. फळी उचलली का पानी घुसला. त्या दाराच्या तोंडाला चिखल-गाल साचते, तो काढायला मानूस खाली उतरते. माजा बापूस बोलायचा, पानी नाय दिसला म्हनून उतरू नको. फळीवर आपला मानूस उभा कर. त्याचा हात फळीवर, आन् त्याचा आवाज तुज्या कानान. मंगच पाय टाक."

"आणि नाही केलं तर?" रियाने विचारले. तिचा श्वास खरोखरच मंदावला होता.

"एकानं नाय केला. ओहोटी हाय, पानी कुठशी येतंय, बोलला. पलीकडच्या आगरवाल्याला काय ठावं, खाली मानूस हाय? भरती लागली, त्यानं फळी वढली." बुधाजींनी आडवी काठी सरळ केली. "चपला बांधावर तशाच व्हत्या. दोन दिस कोनी हात नाय लावला."

कुमुदताईंना वाटले, प्रश्न विचारला नसता तर बरे झाले असते.

इतक्यात वर पावले वाजली. चौथ्या मजल्याचे दार कोणीतरी पान्याने उचकटले, आणि उजेडात दोन चेहरे वाकलेले दिसले: एक वॉचमन भरत, दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी परेश.

"चला, चला, हात द्या!" परेश म्हणाले. "गावभर लाइट गेलीय, कधी येईल नेम नाही. मेकॅनिक कळंबोलीहून निघालाय, पण त्याची वाट बघत बसलात तर लोणचं होईल तुमचं. रिया, तू हलकी आहेस, तू ये आधी."

रियाने डब्याची पिशवी वरच्या फरशीच्या कडेवर ठेवली, दोन्ही कोपर टेकवले आणि उडी घेण्यासाठी पाय उचलला.

कुमुदताईंचे सारे शरीर त्या उजेडाकडे ओढले जात होते. रियानंतर आपण, एवढाच विचार त्यांच्या मनात होता. गुडघा मोडला तरी चालेल, पण या पेटीतून बाहेर. आणि तरीही बांधावरच्या त्या चपला काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांनी पुढे होऊन रियाचा कमरेजवळचा कुडता मुठीत धरला.

"भरत, वरच्या स्विचवर कोण आहे?"

"कोनी नाय मावशी. लाइटच नाय ना."

"एकाला गच्चीवर पाठव. लिफ्टचा मुख्य स्विच बंद करून त्यावर हात ठेवून उभा राहू दे. त्याने सांगितल्याशिवाय ही हलणार नाही."

"अहो मावशी, करंटच नाही तर स्विच काय बंद करायचा?" परेश हसले. "रिटायर झालात ना तुम्ही? अजून लायनी जोडताय!"

"मावशी, सोडा!" रिया ओरडली. "बस चुकली तर पहिल्याच दिवशी नाव खराब होईल माझं!"

"होऊ दे."

"तुम्हाला भीती वाटतेय म्हणून मला का अडवता?"

ते खरेच होते. आपण भेदरलेली म्हातारी दिसत असणार, हेही कुमुदताईंना उमगत होते. कदाचित परेशच बरोबर असतील. मूठ सोडणे किती सोपे होते! त्यांनी दुसऱ्या हातानेही कुडता धरला आणि सगळा भार मागे टाकला. रिया घसरून त्यांच्या अंगावर आली.

"बाय, सोडू नको तिला," बुधाजी खालून म्हणाले.

आणि दिवा लागला.

पंखा घरघरला. तळमजल्यावर कोणीतरी, लाइट आली या आनंदात, बटण दाबले असावे. दोन्ही दारे सताड उघडी असताना लिफ्ट खाली निघाली. उजेडाचा पट्टा वरून चेपत गेला. परेशनी हात मागे घेतले. लिफ्टच्या छताची कड फरशीवर आली आणि रियाची पिशवी मध्ये सापडली. स्टीलचा डबा चिरडल्याचा आवाज कुमुदताईंच्या दातांपर्यंत पोहोचला. मोटार गुरगुरली, एक हिसका बसला, आणि सगळे पुन्हा थांबले.

फटीतून बिरड्याचा पिवळा रस भिंतीवर ओघळत होता. रिया त्याच्याकडे पाहत होती. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, नेमका जिथे मघाशी फरशीची कड टेकली होती तिथे.

"परेश," कुमुदताई म्हणाल्या. आता मात्र त्यांचा आवाज थरथरत होता. "स्विच."

जिन्यावरून धावत वर जाणारी पावले ऐकू आली. बऱ्याच वेळाने, विहिरीत वरून कोणी बोलावे तसा भरतचा आवाज उतरला: "बंद केला, मावशी! हात ठेवून उभा हाय!"

मेकॅनिक आला तेव्हा कुमुदताईंची बोटे अजून रियाच्या कुडत्यात अडकलेलीच होती. त्या सोडायला पाहत होत्या, पण बोटे ऐकत नव्हती. रियानेच ती एकेक करून उलगडली आणि त्यांचा हात आपल्या हातात ठेवून घेतला. बसची वेळ केव्हाच टळली होती. तिने फोन काढून पाहिलासुद्धा नाही.

वर चाक हाताने फिरवून लिफ्ट हळूहळू तिसऱ्या मजल्याला लावण्यात आली. या वेळी समोर भिंत नव्हती. फरशीला फरशी मिळाली होती. बाहेर माणसे गोळा झाली होती. परेश पुढे झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "या," ते म्हणाले.

रिया उंबऱ्याशी उभी राहिली. पाऊल तिने उचलले नाही. मान वर करून तिने लिफ्टच्या छताकडे हाक दिली.

"भरतदादा, हात आहे ना?"

"हाय!" वरून आवाज आला.

मग तिने बुधाजींना उठवले, कुमुदताईंना दंडाला धरून पुढे केले, आणि त्या दोघांचे पाय बाहेरच्या फरशीवर टेकलेले पाहून शेवटी स्वतः बाहेर पडली.